तारीख नसलेला भाव

वसमतच्या मोंढ्यात हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, संपलं की अडतीच्या दारातल्या फळ्यावर मुनीम आकडे लिहितो. हळकुंडाचे वेगळे, गड्ड्याचे वेगळे. किमान, कमाल, सर्वसाधारण. पण खडू हातात घेतल्यावर सगळ्यांत आधी तो तारीख घालतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. भाव त्या दिवसाचा, त्या बाजाराचा आणि त्या मालाचा असतो, हे मोंढ्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात मुरलेलं असतं.

मी याच गावात बसून अडत दुकानांसाठी आणि शेतकरी गटांसाठी वेबवरचे भावफलक बनवतो. पडद्याचे छोटे छोटे तुकडे, म्हणजे कंपोनंट, वेगवेगळे लिहायचे आणि जोडून पान उभं करायचं, ही पद्धत फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुलं केल्यापासून सगळीकडे रुळली. या कामात एक मत मला वारंवार ऐकावं लागतं. आमच्याच तालुक्यातून पुण्याला गेलेली, कामात तरबेज असलेली मुलं ते मांडतात, म्हणून त्याला उत्तर देणं मला भाग वाटतं.

मत असं: कंपोनंट पडद्यावर आला की त्याने सर्व्हरकडून माहिती मागवावी, आली की दाखवावी, संपलं. मध्ये साठवण आली की शिळेपणा आला, आणि भावासारख्या गोष्टीत शिळा आकडा दाखवणं ही शेतकऱ्याशी बेइमानी आहे. साठवणीसाठी असलेल्या लायब्रऱ्या म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन. वसमतच्या भावफलकाला त्या कशाला? (इंग्रजीत या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात. मोंढ्यात कॅश म्हणजे रोकड, म्हणून मी या लेखात साठवणच म्हणणार आहे.)

या मताच्या मुळाशी असलेली कळकळ मला मान्य आहे. शेतकऱ्याला चुकीचा आकडा दाखवू नये, हे बरोबरच. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्याच्यासाठी ही कळकळ आहे तोच मोजतो.

दोन हंगामांपूर्वी मीही असाच कोड लिहिला होता. कंपोनंट उभा राहिला की रिअ‍ॅक्टच्या यूज-इफेक्टमधून विचारणा, उत्तर आलं की यूज-स्टेटमध्ये, म्हणजे कंपोनंटच्याच पोटात, ठेवायचं आणि वर ठळक अक्षरांत ‘आजचा भाव’. लायब्ररी नाही. सर्व्हरलाही सांगून ठेवलं होतं की हे उत्तर कुणी साठवू नये. तालुक्यातल्या एका गावच्या काकांनी शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर ते पान उघडलं, भाव बघितला, फोन बाजूला ठेवला. मंगळवारी सकाळी फोन उघडला तेव्हा तेच पान तसंच समोर आलं. ‘आजचा भाव’ आणि खाली शनिवारचा आकडा. सोमवारच्या बीटात दर उतरला होता, तो त्यांच्या पडद्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी टेम्पो ठरवला, पोती भरली आणि मोंढ्यात आले. “बाबू, सकाळी बघूनच निघालो मी. तुझ्या मोबाइलात हाच भाव होता,” एवढंच ते म्हणाले. भाड्याची गाडी भरलेली परत न्यायची कशी, म्हणून त्यांनी माल दिला. क्विंटलमागे किती गेले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

आता ‘साठवण नको’ म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, इथे साठवण होती की नव्हती? त्यांच्या हिशेबाने नव्हती. तरीही काकांच्या हातात अडीच दिवसांपूर्वीचा आकडा होता. कारण यूज-स्टेटमध्ये ठेवलेला आकडा हीदेखील साठवणच असते. सर्व्हरवरून निघालेली कुठलीही माहिती पडद्यावर उमटते तोवर ती नक्कल झालेली असते. मूळ आकडा बाजार समितीच्या नोंदीत राहतो. आपल्याकडे असते ती मागवली त्या क्षणाची प्रत. शिवाय ब्राउझरही आपल्या नकळत साठवतो: मागे जाऊन पुन्हा पुढे आलं की अख्खं पान, त्यातल्या आकड्यांसकट, जसंच्या तसं परत उभं करायची सोय त्यात असते. म्हणजे साठवण न लिहिणाऱ्याच्या घरीही साठवण असतेच. फरक एवढाच की तिच्यावर तारीख नसते, मुदत नसते, आणि ती कुठे कुठे आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे. साठवण ठेवायची की नाही, हा निर्णय आपल्या हातात कधी नव्हताच. ती उघड, एका जागी आणि तारखेनिशी ठेवायची, की चोरून दहा कंपोनंटच्या पोटात ठेवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

दुसरा दोष याहून घातक आहे, कारण तो पकडायला अवघड. भावफलकावर बाजार निवडायची यादी असते. शेतकरी आधी वसमत निवडतो, मग हिंगोली, लगेच नांदेड. तीन विचारणा सुटतात. त्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरं येतील याची हमी नेटवर्क कधीच देत नाही. नांदेडचं उत्तर आधी आलं, वसमतचं रेंगाळून शेवटी आलं, तर पडद्यावर मथळा नांदेडचा आणि आकडे वसमतचे. चूक झाली असं कुठे लिहून येत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत. आकडा खरा असतो, फक्त दुसऱ्या बाजाराचा असतो. आणि बघणारा माणूस त्यावरून गाडी कुठे न्यायची ते ठरवतो.

‘सरळ मागवा, सरळ दाखवा’ या कोडमध्ये हा दोष जन्मतःच असतो. हे मी पदरचं सांगत नाही. रिअ‍ॅक्टच्या २०२३ मध्ये नव्याने आलेल्या अधिकृत मार्गदर्शिकेत, इफेक्टमधून थेट माहिती मागवण्याचे तोटे नावानिशी दिले आहेत: उत्तरांची शर्यत सांभाळावी लागते, एकामागोमाग एक विचारणांची साखळी तयार होते, आधीच मागवून ठेवता येत नाही, आणि कंपोनंट गेला-आला की तीच माहिती पुन्हा आणावी लागते. शर्यतीवर उपाय आहे. जुनी विचारणा रद्द करायची किंवा तिचं उत्तर दुर्लक्षित करायचं. चार-पाच ओळींचं काम. पण या ओळी प्रत्येक कंपोनंटमध्ये, प्रत्येक वेळी, न विसरता लिहाव्या लागतात. मी चाळलेल्या असल्या ‘साध्या’ कोडमध्ये त्या क्वचितच सापडल्या. साठवणीला किल्ली दिली की ही अडचण मुळातच मिटते. ‘वसमत, हळद, हळकुंड, अमुक तारीख’ ही एक किल्ली, ‘नांदेड, हळद, हळकुंड, अमुक तारीख’ ही दुसरी. उत्तर कितीही उशिरा येवो, ते आपल्याच किल्लीच्या कप्प्यात पडतं. वसमतचा आकडा नांदेडच्या मथळ्याखाली जायला वाटच राहत नाही.

साखळीबद्दल थोडं. वरची पट्टी बाजारांची यादी मागते. ती आल्यावर मधला तक्ता उभा राहतो आणि आवक मागतो. आवक आल्यावर खालचा आलेख उभा राहतो आणि दर मागतो. एका फेरीला पाऊण सेकंद धरला तरी सव्वादोन सेकंद गेले. वर तक्ता आणि आलेख तेच दर दोनदा मागत असतील तर शेतकऱ्याचा डेटाही दुप्पट. एकाच किल्लीची विचारणा चालू असताना दुसऱ्याने तीच मागितली तर नवी पाठवायची नाही, पहिलीचंच उत्तर दोघांना द्यायचं: साठवण ठेवणारी कुठलीही व्यवस्थित लायब्ररी हे करते.

आता बेइमानीच्या आरोपाकडे येतो, कारण मला तो सर्वांत जास्त लागतो.

शिळी भाकरी आमच्याकडे कुणी फेकून देत नाही. सकाळी रानात जाताना ती फडक्यात बांधून नेतात आणि खाणाऱ्याला माहीत असतं की ती रात्रीची आहे. बेइमानी होते ती रात्रीची भाकरी आत्ता थापली असं सांगून वाढली तर. आकड्याचंही तेच. तो किती जुना आहे हे सांगितलं की जुनेपणात अपराध उरत नाही, आणि वेबचे नियम लिहिणाऱ्यांना हे पहिल्यापासून कळत होतं. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या १९९९ सालचा एचटीटीपीचा दस्तऐवज, आरएफसी २६१६, काढून बघा. साठवलेल्या उत्तरासोबत त्याचं वय पाठवायची सोय त्यात आहे. मुदत उलटलेलं उत्तर द्यायची वेळ आली तर ११० क्रमांकाचा इशारा, म्हणजे ‘हे उत्तर शिळं आहे’, जोडलाच पाहिजे असा दंडक आहे. २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९१११ ने तो इशारा मोडीत काढला. कारणही दिलं: फारसं कुणी तो पाठवत नव्हतं आणि वापरणाऱ्यापर्यंत तो पोचतही नव्हता. उत्तराचं वय आजही येतं, पण ते पडद्यावर आणायची जबाबदारी आता पूर्णपणे पडदा लिहिणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावर आली.

जुना आकडा लगेच दाखवायचा आणि मागच्या मागे नवा आणायचा, ही कल्पनाही कुठल्या कंपनीची चैन नाही. मार्क नॉटिंगहॅम यांनी मे २०१० मध्ये आरएफसी ५८६१ मध्ये ती मांडली: स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट. २०१९ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूआर या लायब्ररीचं नाव त्याच तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतलं आहे.

आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला दाखला देतो. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाचं कोविड लसीकरण सुरू झालं आणि जो तो कोविन या सरकारी संकेतस्थळावर जागा शोधत बसला. अनेकांनी सार्वजनिक एपीआयवरून आपापले शोधफलक बनवले. त्या एपीआयच्या सूचनांतच लिहिलं होतं की उपलब्धतेची माहिती साठवलेली आहे आणि काही मिनिटं जुनी असू शकते. एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विचारणांची मर्यादाही होती. कोट्यवधी लोक एकाच वेळी दार ठोठावत असताना दुसरं काही शक्यच नव्हतं. सरकारी सूचना वय लपवत नव्हती. पण मी वापरलेल्या शोधफलकांवर ते वय कुठेच नसायचं. ‘जागा उपलब्ध’ दिसायचं, दाबलं की गेलेली असायची, आणि माणूस चिडायचा तो व्यवस्थेवर. तिथेही साठवणीवर राग काढण्यात अर्थ नव्हता. आकड्याशेजारची वेळ कुणीतरी खाल्ली होती.

रेल्वेचं बघा. गाडी कुठवर आली हे सांगणारं रेल्वेचं अधिकृत पान माहिती शेवटची कधी ताजी केली ती वेळही छापतं. स्टेशनवर ताटकळणाऱ्याला ती वेळ बघून अंदाज बांधता येतो. बँकेच्या पासबुकातही शेवटच्या नोंदीसमोर तारीख असते आणि म्हणून पासबुकाला कुणी खोटारडं म्हणत नाही.

माझे मित्र एक पुरावा हमखास पुढे करतात. नेक्स्टजेएस या रिअ‍ॅक्टवरच्या फ्रेमवर्कने २०२२ मध्ये तेराव्या आवृत्तीबरोबर आणलेल्या नव्या रचनेत, मागवलेली माहिती आपोआप साठवायचं धोरण घेतलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंधराव्या आवृत्तीत मागे घेतलं. ‘बघा, त्यांनाही साठवण नकोशी झाली!’ पुरावा खरा आहे, वाचन चुकीचं. त्यांनी सोडली ती न सांगता होणारी साठवण. मागून, नाव घेऊन, मुदत ठरवून साठवायची सोय तिथे आजही आहे. लोक वैतागले होते ते आपला आकडा नेमका कुठे आणि किती वेळ अडकलाय हे कळत नव्हतं म्हणून. हा तर माझाच मुद्दा झाला. चोरटी साठवण फ्रेमवर्कने केली काय आणि यूज-स्टेटने केली काय, भोगणारा एकच.

फाइव्ह-जी आलं, आता साठवण कशाला, असंही कुणी म्हणतं. वेगाने शनिवारचा आकडा मंगळवारी बदलत नाही, आणि उत्तरांची उलटापालट वेगवान नेटवर्कवरही होते. शिवाय मोंढ्यात पूर्ण दांड्या दाखवणारा फोन शेतात, हळद शिजवायच्या कढईपाशी गेल्यावर काय दाखवतो ते तिथे जाऊन बघा. टॅनस्टॅक क्वेरी ही लायब्ररी विचारणा फसली तर आपणहून तीनदा पुन्हा प्रयत्न करते, आधी एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार. तेवढा वेळ नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवायचं, की ‘सोमवार, दुपारी चारची नोंद’ असं लिहून शेवटचा माहीत असलेला दर दाखवायचा? शेतकऱ्याच्या उपयोगाचं काय, हे सांगायला प्रोग्रामर लागत नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. लायब्ररी आणून बसवली की काम झालं, असं समजणारेही तितकेच चुकतात. आपण काही ठरवून दिलं नाही तर टॅनस्टॅक क्वेरी आणलेली प्रत्येक माहिती तत्क्षणी शिळी धरते. म्हणून पान पुन्हा समोर आलं की ती पुन्हा मागवते. वेगवान जोडणीवर बसलेल्या ऑफिसात हे शोभतं. आमच्याकडे माणूस दिवसातून पन्नासदा फोन उघडतो-मिटतो, आणि दिवसातून एकदा बदलणारा आकडा त्याच्या डेटातून पुन्हा पुन्हा आणला जातो. हे ठरीव आकडे वसमतसाठी लिहिलेले नाहीत, ते आपण बदलायचे असतात.

बदलायचे ते मोंढा बघून. हळदीचा दर दर सेकंदाला हलत नाही. बीट होतं, दर निघतात, आवक नोंदली जाते आणि पुढच्या बीटापर्यंत आकडा स्थिर राहतो. रविवारी बाजार बंद. अनेक मोंढ्यांत अमावास्येलाही. म्हणजे आकड्याची मुदत ‘पाच मिनिटं’ किंवा ‘एक तास’ अशी घड्याळाने ठरवण्यात अर्थच नाही. ती ‘पुढच्या बीटापर्यंत’ अशी बाजाराने ठरवायची. बीट चालू असण्याच्या वेळात मुदत मिनिटाची, बीट संपल्यावर दुसऱ्या दिवशीच्या बीटापर्यंतची. आणि गेलेल्या दिवसाचा दर? १० मार्चचा दर ११ मार्चला बदलत नाही, वर्षाने बदलत नाही. बाजार समितीने नोंद दुरुस्त केली तर तेवढी किल्ली खोडायची, एरवी तो आकडा कायमचा ठेवायला हरकत नाही. हंगामाचा आलेख काढायला रोज शंभर दिवसांचे तेच दर मागवणारा ‘ताजा’ कोड मी बघितला आहे. नव्याण्णव दिवसांचं काम वाया, आणि पैसा शेतकऱ्याच्या रिचार्जचा.

काही जागी साठवलेला आकडा चालतच नाही, हेही निक्षून सांगतो. चालू बोलीची रक्कम, काट्यावरचं वजन, पट्टीतली देय रक्कम, खात्यात पैसे जमा झाले की नाही: इथे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर नाही आलं तर ‘उत्तर आलं नाही’ असंच लिहायचं. मुनिमाने नवी नोंद केली की त्या मालाची किल्ली लगेच बाद करायची. सर्व्हरने होकार देण्याआधीच ‘नोंद झाली’ असं आशावादी हिरवं अक्षर दाखवायची फॅशन पसंतीच्या बदामापुरती ठीक आहे; हिशेबाच्या पट्टीवर ती मी येऊ देत नाही. आणि ज्याला लायब्ररी नको त्याने नको घेऊ. किल्ली, आकडा, आणल्याची वेळ आणि मुदत, एवढं सांभाळणारी साठवण पन्नासेक ओळींत हाताने लिहिता येते. माझा आग्रह लायब्ररीचा कधीच नव्हता.

मग एवढा त्वेष कशासाठी, असं विचाराल. हळद हे घाईत विकायचं पीक नाही म्हणून. मे-जूनला लावलेली हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलेलं असतं, आणि मग घरात थप्पी लावून माणूस भावाची वाट बघतो. २०२३ च्या पावसाळ्यात काही आठवड्यांत दर दुपटीपर्यंत चढले होते. आधी विकणारा आणि थांबणारा यांच्यातलं अंतर मुलीच्या शिक्षणाएवढं होतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव आता दूरवर जाईल, आणि दूरवर बसलेला घेणारा व घरात बसलेला विकणारा हे दोघंही पडद्यावरच्याच आकड्याकडे बघतील. त्या आकड्यावर तारीख नसणं ही कोड लिहिण्यातली बारीकसारीक बाब राहत नाही.

माझ्या फलकावरून ‘आजचा भाव’ हे शब्द मी काढून टाकले. तिथे आता वार, तारीख आणि बीटाची वेळ येते, आणि आकडा मुदतीबाहेर गेला की तो फिका पडून शेजारी ‘नवीन दर अजून आलेला नाही’ असं उमटतं.

‘साठवण नको’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती आहे. तुमचं पान शनिवारी संध्याकाळी फोनवर उघडा, फोन तसाच ठेवा आणि मंगळवारी सकाळी बघा. मग बाजारांची यादी भरभर तीनदा बदला आणि मथळ्याखालचे आकडे त्याच बाजाराचे आहेत का ते नोंदीशी ताडून पाहा. हे दोन्ही करून झाल्यावर आपण पुन्हा बोलू.